यादी कुलूपबंद होण्यापूर्वी

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की ज्या घरात नुकतीच डॉक्टर झालेली मुलगी अथवा मुलगा आहे, त्या घरातील दिवे रात्री उशिरापर्यंत विझत नाहीत. दुकान वाढवून आलेले वडील, दूरध्वनीवरून सल्ला देणारे मामा, चहाचे कप भरणारी आई आणि संगणकासमोर बसलेले लेकरू. रेडिओलॉजी मिळाली तर उत्तम, त्वचारोग मिळाले तरी उत्तम, मेडिसिन मिळाले तर पुढे हृदयरोग, हा क्रम दोन-तीन वर्षे आधीच ठरलेला असतो. कुणी हौशी काकांनी हमरस्त्यावरचा एखादा गाळाही हेरून ठेवलेला असतो. आणि पसंतीक्रमाची यादी कुलूपबंद करण्यास दोन दिवस उरले असता मुलगी म्हणते, "पप्पा, मला रेडिओलॉजी नको. मी भूलशास्त्र वर घेते आहे."

हे चित्र कोणा एका घरचे नाही. थोड्याफार फरकाने ते अनेक घरांत उमटते. घरातील थोरांना त्या क्षणी वाटते की पोरीच्या डोक्यात काहीतरी शिरले. व्यापारात ऐन वेळी माल बदलणारा माणूस बहुधा फसतो, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. परंतु वैद्यकीय शाखेची निवड ऐन वेळी का बदलते, हे समजून घेतल्यावाचून त्या निर्णयाला लहर म्हणणे घाईचे होईल.

आपल्याकडील वैद्यकीय शिक्षणाची रचनाच अशी आहे की शाखांची खरी ओळख शेवटी होते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता. भूलशास्त्रासारख्या विषयाशी विद्यार्थ्याचा संबंध या सर्व काळात मोजक्या दिवसांचा. पुस्तकातून जे कळते ते परीक्षेपुरते. माणसाचा जीव कोठे अडतो हे कळते ते आंतरवासितेत, आणि त्याहूनही अधिक त्यानंतरच्या शासकीय सेवेत. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, आणि ती अनेकदा आदिवासी तालुक्यांत करावी लागते. म्हणजे ज्या काळात नीट-पीजीचा अभ्यास चालू असतो, त्याच काळात मुलगा प्रथमच एकट्याने रुग्णासमोर उभा राहतो. निवडीची तारीख आणि समजुतीची तारीख अशा रीतीने एकमेकींवर येऊन आदळतात.

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे असेच दोन तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार. दोन्हीकडे नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे डोंगरांच्या सोंडांवर विखुरलेले. पावसाळ्यात नागली-वरईची शेती, आणि दिवाळी सरली की वीटभट्ट्यांकडे व बांधकामांकडे स्थलांतर. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, तरी गंभीर रुग्णाची वाट पुष्कळदा पूर्वीप्रमाणे नाशिककडेच वळते. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक साठ किलोमीटरांच्या आसपास आहे. नकाशावर हे अंतर फारसे नाही. तोरंगण घाटातून, आषाढातल्या धुक्यात, अडलेल्या बाळंतिणीला घेऊन जाणाऱ्या गाडीला ते फार आहे.

या दोन तालुक्यांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते दुःखद कारणाने. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले. पुढे १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आली. त्यानंतरही कुपोषण, बालमृत्यू आणि मातामृत्यू यांच्या बातम्या थांबल्या नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील बोटोशी गावाच्या मर्कटवाडी या पाड्यावर एका मातेची वेळेआधी जन्मलेली जुळी बाळे दगावली, आणि रस्ता नसल्यामुळे त्या मातेला डोलीत घालून चालत न्यावे लागले. डॉक्टरची शाखा कोणतीही असती तरी त्या दिवशी आधी रस्ताच हवा होता, हे येथेच सांगितले पाहिजे. तज्ज्ञ डॉक्टर मिळाला की सारे प्रश्न सुटतील, असा भ्रम या लेखाला पसरवायचा नाही.

तरीही जेथे रस्ता पोचतो, गाडी पोचते, आणि माता ग्रामीण रुग्णालयाच्या दारात जिवंत येते, तेथे पुढे काय होते? सिझेरियन करावयाचे तर प्रसूतितज्ज्ञ हवा, भूल देणारा हवा, बाळाला पाहणारा हवा आणि रक्ताची सोय हवी. या चारांपैकी एक जरी नसले तरी उरलेली तिन्ही व्यर्थ. यंत्र असते, शस्त्रक्रियागृह असते, कधी प्रसूतितज्ज्ञही असतो. भूल देणारा नसतो. मग १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणि पुन्हा तोच घाट. कुपोषण व मातामृत्यूंच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयानेही राज्याला पुनःपुन्हा बजावले आहे की आदिवासी भागांत प्रसूतितज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांच्या नेमणुका कराव्यात. सोनोग्राफीचा अहवाल वाचणारा तज्ज्ञ शहरात बसूनही चित्र पाहू शकतो. भूल मात्र दुरून देता येत नाही. ज्या तरुण डॉक्टरने अशी एक रात्र पाहिली, त्याच्या पसंतीक्रमात उलथापालथ झाली तर नवल ते काय?

येथे भूलशास्त्राविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या घरांत या शाखेला मान नाही. सिझेरियनसाठी बहुधा पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, औषधाची अल्प मात्रा सोडतात. काही मिनिटांत कमरेखालचा भाग बधिर होतो, आई जागी राहते आणि बाळाचा पहिला टाहो ऐकते. हे इतके सोपे दिसते की भूलतज्ज्ञाचे काम सुई टोचण्यापुरतेच, असा समज होतो. वस्तुतः सुई टोचल्यावर त्याचे खरे काम सुरू होते. रक्तदाब झपाट्याने खाली येतो, तो सावरावा लागतो. रक्तस्राव झाला तर कोणता द्रव किती द्यावा हे क्षणात ठरवावे लागते. बधिरता वर चढून श्वास मंदावला तर नळी घालून तो हाती घ्यावा लागतो. शस्त्रक्रिया चालू असता रोग्याचा श्वास, नाडी आणि शुद्ध यांची राखण करणारा हा माणूस. रोगी बरा होऊन घरी जातो तेव्हा त्याला शल्यविशारदाचे नाव आठवते. भूल देणाऱ्याचा चेहराही आठवत नाही. त्याचा दवाखाना नसतो, बाहेर पाटी नसते, सकाळची रांग नसते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर त्याला स्वतःचा गल्ला नाही. दुसऱ्याच्या पेढीवर बसून तो काम करतो. व्यापारी घराला ही शाखा रुचत नाही याचे मूळ येथे आहे, आणि ते मला समजण्यासारखे वाटते.

ही उणीव शासनाला ठाऊक नव्हती असे नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात एम.बी.बी.एस. डॉक्टरांना अठरा आठवड्यांचे जीवरक्षक भूलप्रशिक्षण देण्याची योजना निघाली. तातडीच्या प्रसूतिसेवेसाठी सोळा आठवड्यांचे प्रशिक्षण वेगळे. पूर्ण तज्ज्ञ मिळत नाही तोवर निदान सिझेरियनपुरता हात तयार व्हावा, हा हेतू. हेतू चांगला होता. परंतु चार महिन्यांच्या शिकवणीवर, जवळ कोणी ज्येष्ठ नसताना, एकट्याने पहिली भूल देण्यास जे धैर्य लागते, ते प्रमाणपत्राबरोबर मिळत नाही.

आता ज्यांनी शाखा उशिरा ठरवली, अथवा हाती असलेली सोडली, अशा डॉक्टरांकडे वळू. महाराष्ट्राला ही माणसे अपरिचित नाहीत. त्यांचे त्याग आपण सभांतून ऐकतो. त्यांच्या शैक्षणिक निर्णयांकडे मात्र आपण क्वचितच पाहतो.

डॉ. रवींद्र कोल्हे यांचे उदाहरण या विषयाला सर्वांत जवळचे आहे. शेगावचे हे विद्यार्थी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाले आणि मेळघाटातील बैरागड या गावी जाण्याचे त्यांनी ठरवले. हरिसालपासून पुढे चाळीस किलोमीटर पायी. जाण्यापूर्वी त्यांनी सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांचा सल्ला घेतला. त्या सल्ल्याचे सार असे की अशा ठिकाणी तीन गोष्टी आल्या पाहिजेत : सोनोग्राफी व रक्ताच्या सोयीवाचून बाळंतपण करणे, क्ष-किरणाशिवाय न्यूमोनिया ओळखणे आणि अतिसारावर उपचार करणे. त्यांनी मुंबईत सहा महिने राहून ते शिकून घेतले. मग बैरागडला स्फोटात हात गमावलेला एक मनुष्य त्यांच्याकडे आला, तोही अपघातानंतर तेरा दिवसांनी. त्याच्यासाठी आपण काही करू शकत नाही, हे त्यांना दिसले. आपले शिक्षण अपुरे आहे असे ठरवून ते पुढील शिक्षणासाठी परतले.

यापुढचा भाग मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. हात तुटलेला रोगी पाहून परतलेला डॉक्टर शल्यचिकित्सा घेईल, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. कोल्हे यांनी एम.डी. केले ते रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात. म्हणजे ज्या शाखेकडे गुणवत्तायादीतले विद्यार्थी वळूनही पाहत नाहीत. मेळघाटातील कुपोषण हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय झाला. एका रोग्याने त्यांना परत पाठवले खरे, पण शाखा निवडताना त्यांनी साऱ्या मेळघाटाचा हिशेब मांडला. मुले कशाने मरतात? हिवाळ्यात अंगावर पुरेसे कपडे नसल्याने न्यूमोनियाने; पावसाळ्यात हाताला काम नाही व कणगी रिकामी म्हणून कुपोषणाने. या उत्तराला शल्यविशारद काय करणार? पुढे हेच डॉक्टर शेती शिकले, रेशनच्या धान्याकडे लक्ष देऊ लागले.

त्यांनी विवाहासाठी जी पत्नी शोधली, तिला घातलेल्या अटींत दरमहा ४०० रुपयांत संसार ही एक अट होती. तो आकडा हिशेबाचा होता : पहिल्या भेटीचे दोन रुपये, पुढच्या भेटीचा एक रुपया, आणि महिन्याकाठी येणारे रोगी. नागपूरला स्वतःचा व्यवसाय असलेल्या डॉ. स्मिता यांनी ती मान्य केली. पुढे एकदा बांधकाम खात्याच्या मंत्र्यांनी त्यांना घर बांधून देऊ केले, तेव्हा स्मिताताईंनी घराऐवजी रस्ते मागितले. मर्कटवाडीची डोली आठवली की ही मागणी किती अचूक होती हे ध्यानात येते. २०१९ साली उभयतांना पद्मश्री मिळाली.

डॉ. प्रकाश आमटे यांची कथा याहून वेगळी. ते नागपूरला शस्त्रक्रियाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते, डॉ. मंदाकिनी यांचा विषय भूलशास्त्र. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि पदव्युत्तर अभ्यास मागे राहिला. शाखा बदलली असे म्हणण्यापेक्षा शाखा ही कल्पनाच तेथे गळून पडली. अस्वलाने फाडलेले चेहरे शिवणे, मोतीबिंदू काढणे, बाळंतपणे करणे, सर्पदंश, मलेरिया, सारे काही त्यांच्या हातून, आणि वर्षानुवर्षे विजेविना. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. त्या झोपडीत चिरणारा होता आणि भूल देणारीही होती. एकाच संसारात दोन्ही विद्या आल्या होत्या. जव्हार-मोखाड्यात नेमकी ही जोडी जुळत नाही.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव येथे थोडक्यात घेतो. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाने धडधाकट माणसे डोळ्यांदेखत मरताना त्यांनी पाहिली, टिपणे ठेवली. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचे निरीक्षण छापले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून मेडिसिनमध्ये एम.डी. करून ते पुन्हा त्याच भागात परतले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर लागू केले, आणि एकेकाळी चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण अगदी थोडक्यावर आले. प्रश्न आधी, शाखा नंतर, हा क्रम त्यांच्याकडेही दिसतो.

ही सर्व माणसे असामान्य आहेत, आणि आपली मुलगी हेमलकसा उभारील अशी अपेक्षा कोणी करू नये. तिच्यासमोरचा प्रश्न लहान आहे. पण तिचा आहे. म्हणून व्यवहाराकडे येऊ.

शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्रीय समुपदेशन समिती भरते, उरलेल्या राज्याचा सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष. केंद्रीय फेरीत खुल्या प्रवर्गासाठी २५ हजार रुपये अनामत भरावी लागते. अभिमत विद्यापीठांसाठी ती २ लाख. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेतल्यास नुकसान नाही. दुसऱ्या फेरीत मिळालेली सोडली तर अनामत जाते. तिसऱ्या फेरीत रुजू झाल्यावर जागा सोडून पुढच्या फेरीत उतरता येत नाही. म्हणजे मन बदलण्याची मुभा आहे, पण ती फेरीगणिक महाग होत जाते. बदल करावयाचा तर पहिल्या फेरीची यादी कुलूपबंद होण्यापूर्वी करणे सर्वांत स्वस्त. संगणक केवळ गुणानुक्रम आणि पसंतीचा क्रम पाहतो. पहिल्या ओळीत काय आहे यावर पुढची तीन वर्षे ठरतात. अटी दरवर्षी थोड्या बदलतात, म्हणून माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. मामांच्या आठवणीवर विसंबू नये.

गुणानुक्रम चांगला असूनही कमी मागणीची शाखा घेणे म्हणजे गुण वाया घालवणे, असे घरात हमखास म्हटले जाते. यावर माझे मत असे की गुण हे चलन आहे. जे हवे ते विकत घेतल्यावर उरलेल्या पैशाचा शोक कोणी करीत नाही. उलट भूलशास्त्रासाठी चांगला क्रमांक असला तर महाविद्यालय निवडता येते, आणि या शाखेत कोणत्या रुग्णालयात शिकलो याला विशेष महत्त्व आहे. ज्या ठिकाणी दिवसरात्र बाळंतपणे व अपघात येतात, तेथे हात बसतो.

तीन वर्षांची पदवी न झेपणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये भूलशास्त्र, प्रसूतिशास्त्र, बालरोग, कुटुंबवैद्यक अशा आठ विषयांत दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम सुरू केले, आणि ते जिल्हा रुग्णालयांसारख्या ठिकाणीही चालू शकतात. जुन्या डी.ए., डी.जी.ओ., डी.सी.एच. या पदविकांच्या जागा पदवीत रूपांतरित झाल्यानंतर तालुक्याच्या गावी जाणारा डॉक्टर दुर्मिळ झाला होता. ती पोकळी भरण्याचा हा प्रयत्न आहे. शिवाय आता प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा स्तरावरील रुग्णालयात काम करावे लागते.

परदेशी जाणाऱ्यांचे गणित निराळे. अमेरिकेत अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस जातात आणि निकाल मार्चमध्ये लागतो. तेथे शाखा बदलणे म्हणजे नुसता क्रम बदलणे नव्हे. त्या शाखेच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे, त्या विभागात केलेले काम, स्वतःविषयीचे निवेदन, सारे नव्याने उभे करावे लागते. ऑगस्टमध्ये मन बदलले तर कित्येक विद्यार्थी दोन शाखांत अर्ज करतात, काही जण वर्षभर थांबतात. ज्यांची मुले त्या वाटेवर आहेत त्यांनी हे वेळापत्रक ध्यानात ठेवावे.

उशिरा आलेला प्रत्येक विचार पक्व असतो असे मात्र मी म्हणणार नाही. एका भयंकर रात्रीने हललेले मन आठवडाभरात पूर्वपदावर येऊ शकते. मुलगी एखाद्या शाखेकडे जात आहे की दुसरीपासून पळत आहे, हे विचारावे. दोन्हींची उत्तरे वेगळी असतात. शक्य असल्यास तिने यादी भरण्यापूर्वी त्या विभागात चार दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत उभे राहावे, आणि वीस वर्षे भूल देत आलेल्या एखाद्या ज्येष्ठाला या कामातले कंटाळवाणे काय ते विचारावे. उत्साहाचे कारण कोणीही सांगतो. कंटाळ्याचे कारण ऐकूनही ती ठाम राहिली तर घरच्यांनी गाळ्याचा विषय काढू नये. "मुलीला ही शाखा सोयीची, वेळ ठरलेली" असे जे म्हटले जाते, त्यातही फारसे तथ्य नाही. अडलेले बाळंतपण वेळ पाहून येत नाही.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा विचार करीत होतो, लिहितो. या तालुक्यांच्या बाजारपेठांत किराणा, कापड, भांडी यांची दुकाने चालवणाऱ्यांत आपल्यासारखी व्यापारी घरे आहेत. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे याच पाड्यांवरचे लोक. वीटभट्टीवरून परतताना उचल फेडून जे उरते ते घेऊन ते होळीपूर्वी दुकानात येतात. आपल्या सुनेचे दिवस भरत आले की आपण तिला महिनाभर आधी नाशिकला अथवा मुंबईला नातलगांकडे पाठवतो. त्यात गैर काहीच नाही. जवळ सोय नसेल तर शहाणा माणूस हेच करील. पण गल्ल्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईला महिनाभर आधी जाण्यासाठी नाशिकला नातलग नाहीत. ज्या घरची मुलगी अशा गावी वर्षभर काढून आली आहे, तिने ही बाई दुकानाच्या बाजूने नव्हे, रुग्णालयाच्या बाजूने पाहिलेली असते.

तेव्हा यादी कुलूपबंद करण्याच्या रात्री तिला आधी तिकडचे सगळे सांगू द्यावे. फी, बंधपत्र, वसतिगृह, अनामत यांचा हिशेब त्यानंतर मांडावा. त्यासाठी रात्र पुरेशी मोठी असते.